बसायला जागा

महाडच्या बाजारपेठेतल्या एका साडीच्या दुकानात मी कामाला लागले, तेव्हा माझी मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. एका पगारात भागत होतं, पण ओढूनताणून. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. वडिलांची भातशेती, हाताखाली राबायला माणसं, गावात शब्दाला वजन. मी नोकरी धरली हे ऐकून ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या दुकानात उभी ऱ्हाणार तू?"

ते बोलायच्या ओघात 'उभी' म्हणाले होते. तो शब्द किती खरा आहे ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. घरी आले, चपला काढल्या आणि पाय जमिनीला टेकवेनात. मुलगी म्हणाली, "आई, तू बदकासारखी का चालतेस?"

दुकान जुनं. शेठच्या वडिलांच्या काळात तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी होती म्हणे. पुरुष विक्रेते गादीवर बसून साड्या उलगडायचे, समोर गिऱ्हाईक मांडी घालून बसायचं. मग शेठनी दुकान नवं केलं, काचेचे काउंटर आणले. जुने विक्रेते एकेक करत गेले आणि त्यांच्या जागी आम्ही बायका आलो, त्यांच्यापेक्षा कमी पगारावर. गादी गेली तसं बसणंही गेलं. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकांसाठी मऊ खुर्च्या होत्या. आमच्या बाजूला नुसती फरशी. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, दुकान झोपल्यासारखं वाटतं, असं शेठचं म्हणणं. वर कॅमेरा होता. कुणी टेकलेली दिसली की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई.

शेठ वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. दिवाळीला प्रत्येकीला साडी द्यायचे, घरच्यांची विचारपूस करायचे. पण आमचे पाय त्यांना कधी दिसलेच नाहीत. काउंटरला काच फक्त वरच्या बाजूला होती.

आमच्यात सगळ्यात जुनी आक्का. सव गावची, रोज मिनीडोअरने, म्हणजे सहा आसनी रिक्षाने, यायची. पन्नाशी ओलांडलेली, आवाज मोठा, हात मात्र फार हलका. साडीची घडी ती अशी मोडायची की पुन्हा घालताना एक सुरकुती पडत नसे. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या. त्यावर ती पट्टी गुंडाळायची आणि साडी जरा खाली नेसायची. दुसरी होती दासगावची पोरगी. नवीन लग्न झालेली, बोलायला लाजरी. तिला आम्ही 'दासगाव' म्हणूनच हाक मारायचो.

लग्नसराईचे दिवस होते. दुपारी गर्दी ओसरली आणि दासगावला घेरी आली. ती काउंटरमागे साड्यांच्या गठ्ठ्यावर बसली, डोकं गुडघ्यात घालून. आक्काने तिला पाणी दिलं, कानाशी काहीतरी विचारलं, आणि पोरगी रडायलाच लागली. तिला दिवस गेले होते. सांगितलं तर काम जाईल म्हणून तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

संध्याकाळी शेठनी तिचा अर्धा दिवस कापला. आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी साड्या आवरत होते, सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, तिला दिवस गेलेत."

"मग तिनं घरी बसावं. इथं कशाला येते?"

"घरी बसायची सोय असती तर आली असती काय?"

शेठनी फोन उचलला. बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी आक्का घरून पाट घेऊन आली. जेवायला बसायचा, साधा लाकडी पाट. काउंटरमागे ठेवला आणि दासगावला म्हणाली, "गिऱ्हाईक नसलं की टेकायचं." शेठ आले, त्यांनी पाट पाहिला. "हे काय? इथं पंगत बसणार आहे का? बाहेर ठेव आधी."

"बरं," आक्का म्हणाली. तिने पाट उचलला, बाहेर गेली, वरच्या पायरीवर ठेवला आणि त्यावर बसली.

आम्हाला वाटलं, राग शांत झाला की येईल आत. ती आली नाही. थोड्या वेळाने तिने आत बघून हाक मारली, "दासगाव, ये गो बाहेर. पाट तुझ्यासाठी हाय." पोरगी गेली. आक्का पाटावरून उठून उघड्या दगडावर बसली.

मी का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. हातात एका गिऱ्हाइकाची साडी होती. ती मी व्यवस्थित घडी घालून ठेवली, गिऱ्हाइकाला म्हटलं, "आलेच हं," आणि बाहेर जाऊन आक्काच्या शेजारी बसले. आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "पदर घे डोक्यावर, ऊन हाय."

दुपारपर्यंत बाजारभर झालं. भांड्यांच्या दुकानातली, चपलांच्या दुकानातली, औषधांच्या दुकानातली, अशा बायका जेवणाच्या सुट्टीत बघायला आल्या. बघायला म्हणून आल्या आणि आपापलं सांगायला लागल्या. सगळ्यांचं एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसायचं घेऊनच आल्या. कुणी प्लास्टिकचं स्टूल, कुणी पोतं, एकीने तर पोरीची बालवाडीतली लाल खुर्ची आणली होती. पायऱ्या पुरेनात, तसे आम्ही गटाराच्या कडेपर्यंत पसरलो.

येणारे-जाणारे हसत होते. "बसायचा पगार मागतायत," असं एकजण मोठ्याने म्हणाला. आक्काने त्याला बोलावून घेतलं. "ये, दादा. आज दिवसभर माझ्या जागी उभा ऱ्हा. सांजच्याला मग तूच सांग." तो निघून गेला, पण मग तेवढ्या मोठ्याने कुणी बोललं नाही.

आमचं मागणं चार वाक्यांत मावत होतं आणि आक्का ते विचारेल त्याला सांगायची. बसायला स्टूल द्या. बसलं म्हणून पगार कापू नका. बायकांना जायला जागा करा. आणि बाळंतपणाला गेलेल्या बाईची जागा राखून ठेवा.

पहिल्या दिवशी घरी गेले तर नवऱ्याला आधीच कळलं होतं. डेपोत चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती. मला वाटलं चिडेल. तो कुकर लावत होता. म्हणाला, "संप आम्हीही केलेत. एक लक्षात ठेवा, शेठ एकेकीला आत बोलावेल. एकटीनं जायचं नाही. जाल तर सगळ्या जा." मग जरा थांबून, "पाय शेकायला पाणी ठेवू?" लग्नाला इतकी वर्षं झाली होती, असं त्याने पहिल्यांदा विचारलं होतं.

शेठनी खरंच एकेकीला बोलावलं. आम्ही सगळ्या उठून दारात गेलो. ते म्हणाले, एवढ्या जणींशी मी बोलत नाही. मग आम्ही परत येऊन बसलो. असे दिवस जात राहिले. शेठ आणि त्यांचा मुलगा आत काउंटरवर उभे, आम्ही बाहेर.

आणि एक गोष्ट मी साफ विसरले होते. माझ्या चुलतभावाचं लग्न ठरलं होतं. बस्ता, म्हणजे लग्नाचे सगळे कपडे, आमच्याच दुकानात घ्यायचे असं मीच महिनाभर आधी माहेरी सांगून ठेवलं होतं.

सकाळी पोलादपूरकडून टेम्पो आला आणि दुकानासमोर थांबला. पाठीमागून चुलत्या, मावश्या, करवल्या उतरायला लागल्या. पुढून आबा, माझे वडील, उतरले. पांढरी टोपी, हातात काठी. मी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. त्यांच्या चपला माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कोन? तू हायस काय गो?"

"हो, आबा."

"हितं खाली का बसलीस? दुकान तर उघडं हाय."

रस्त्यावर बसलेली त्यांची लेक, आणि टेम्पोभर भावकी बघत होती. आक्कानेच सांगितलं, जसं होतं तसं, आवाज न चढवता. आबांनी ऐकून घेतलं. त्यांची नजर पाटावरच्या दासगावकडे गेली आणि लगेच बाजूला वळली. मग मला म्हणाले, "पानी पिलीस काय सकाळपासनं?"

"नाही."

"का?"

काय सांगणार? बापाला सांगायची ती गोष्ट नव्हती. आक्का म्हणाली, "आमी कुनीच पीत नाय, आबा. पिलं तर जायला जागा नाय."

आबांचा चेहरा मी बघितला. वर्षानुवर्षं शेतावर माणसं राबवलेला तो माणूस. त्यांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली.

तेवढ्यात शेठ हात जोडून बाहेर आले. "या, या काका. आत पंखा आहे. ताक सांगतो."

"बस्ता दाखवनार कोन?"

"मी आहे, मुलगा आहे."

"शेठ, तुमच्या वडलांच्या वक्ताला माझ्या लग्नाचा बस्ता मी हितंच बांधला. गादीवर बसून. मी पन बसलेलो, दाखवनारा पन बसलेला."

"काका, आता काळ बदलला."

"काळ बदलला म्हनून मानसाचं गुडघं बदललं काय?"

आबांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि हळूहळू खाली झाले, माझ्याच पायरीवर. काठी आडवी ठेवली. "बस्ता तुमच्याकडंच घेनार. आमास्नी घाई नाय. ह्या आत आल्या की आमी येतो."

ते बसले म्हटल्यावर चुलत्या बसल्या, करवल्या बसल्या. नवरामुलगा अवघडून उभा होता, त्यालाही कुणीतरी हाताला धरून बसवलं. दुपारी त्यांनी गाठोडी सोडली. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. बायकांच्या हातून ती ओळीने पुढे सरकत भांड्यांच्या दुकानातल्या बाईपर्यंत गेली. आबांनी आपली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, लहानपणी बांधावर ठेवायचे तशी.

संध्याकाळी टेम्पो बस्त्याविनाच परत गेला. तो रिकामा जाताना सगळ्या बाजाराने पाहिलं. लग्नसराईत अशी गोष्ट व्यापाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बैठक झाली, त्यानंतर आम्हाला बोलावणं आलं. आम्ही सगळ्या गेलो.

स्टुलं मिळाली. पगार कापणं बंद झालं. एका दुकानाच्या मागे बायकांसाठी संडास बांधून झाला आणि त्याची किल्ली आक्काकडे राहिली. पगार काही वाढला नाही, ते आम्ही मागितलंही नव्हतं. नंतरच्या वर्षांत मागितलं आणि थोडं थोडं मिळालं.

बाळंतपणाची गोष्ट मात्र शेठ बैठकीत 'बघू' म्हणाले आणि आम्ही ते 'हो' धरून चाललो. दासगाव माहेरी गेली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली. आम्ही जाऊन विचारलं तर शेठ म्हणाले, काम थांबतं का? आक्काच्या मनाला ते फार लागलं. जिच्यासाठी पाट आणला तिलाच जागा राहिली नाही. मग तिनेच एक उपाय काढला. साड्यांना फॉल-बीडिंग करायला बाहेर द्यावं लागतं. बाजारातल्या आम्ही सगळ्या बायका गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, "दासगावला एक चांगली बाई आहे, तिच्याकडे द्या." आज तिच्या घरी दोन शिलाई मशिनी आहेत. मुलगी कॉलेजात आहे. आमच्या दुकानातून गठ्ठा नेताना ती आमच्याकडे बसून चहा पिऊन जाते. तिच्यानंतर बाळंतपणाला गेलेल्या प्रत्येकीची जागा मात्र राहिली. तेवढं आम्ही सोडलं नाही.

आबा बस्त्याला परत आले. मी स्टुलावर बसून त्यांना साड्या दाखवल्या. सगळा बस्ता झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आयसला एक काढ. तुला आवडंल ती." मी हिरवी नऊवारी काढली. त्यांनी किंमतसुद्धा विचारली नाही.

ही गोष्ट इथे संपली असं मी समजले होते. पावसाळ्यात भाताच्या लावणीला आईचा फोन आला, आणि ती हसू आवरत सांगत होती. आबांच्या शेतावर लावणीला येणाऱ्या बायका त्या दिवशी सकाळी चिखलात उतरल्याच नाहीत. बांधावर ओळीने बसल्या. आबा गेले, विचारलं काय झालं. त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "आबा, म्हाडात तुमी लेकीच्या बाजूला बसलात, आमी ऐकलाव. मंग आमच्या बी बाजूला बसा. गड्याला जी मजुरी, ती आमाला का नाय? वाकून आमी बी तेवढंच वाकतो."

आई म्हणाली, "एवढा वेळ गप उभे होते, मला वाटलं आता काठीच उगारतात. आनि मंग हसायलाच लागले. म्हनतात, माझ्याच लेकीनं मला धरला."

त्या वर्षी आमच्या शेतावर बायकांना गड्याइतकी मजुरी मिळाली. शेजारचे शेतकरी आबांवर रागावले, एकदोघांनी बोलणं टाकलं. पण पुढच्या वर्षी कमी मजुरीवर त्यांना बायका मिळेनात. आता त्या खोऱ्यात तो दरच आहे, असाच असतो असं सगळे धरून चालतात.

आबा गेले त्याला काही वर्षं झाली. बाराव्याला घर माणसांनी भरलं होतं. ती लावणीवाली म्हातारी ओटीवर न थांबता आत आली, माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्या सालापासनं तुझा बाप आमच्यासंगं बांधावर बसून जेवायचा. आधी घरी जायचा जेवायला." हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आबांनीही नाही. तोवर मी रडले नव्हते. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मग रडले.

पुढे एका पावसाळ्यात आलेल्या मोठ्या पुरात आमचं दुकान पाण्याखाली गेलं. काच फुटली, साड्यांचा चिखल झाला, स्टुलं वाहून कुठे गेली पत्ता लागला नाही. शेठ तेव्हा थकले होते, त्यांचा मुलगा धंदा बघत होता. सगळं धुऊन पुसून झाल्यावर एका दुपारी हातगाडी आली. मला वाटलं काउंटरची काच आली. बघते तर नवी स्टुलं. काच यायला आणखी बरेच दिवस लागले. तोवर आम्ही फळ्यांवर साड्या मांडून, स्टुलांवर बसून विकल्या. आधी स्टुलं आण असं त्याला आमच्यातल्या कुणीही सांगितलं नव्हतं.

आता दुकानात मी सगळ्यात जुनी. हल्ली पाचाडची एक पोरगी कामाला लागली आहे. चटपटीत आहे, बोलताना मध्येच हिंदी घुसवते, मुंबईला दोन वर्षं होती. परवा कंबरेवर हात ठेवून मला म्हणते, "मावशी, ये स्टूल किसने पसंद किया? पाठ टेकायला काय नाय. दिवसभर कसं बसायचं मानसानं?"

क्षणभर माझ्या कपाळावर आठी आली. म्हटलं, हिला सांगावं एकदा सगळं, पाट, पायरी, ऊन, सगळं. पण ती खरंच कंबर चोळत होती.

रविवारी सवला गेले, आक्काकडे. तिने काम सोडलं आहे. गुडघे धरलेत, पण आवाज तोच. गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ ती पाय सोडून बसली होती, साडी पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेली. शिरा आता लपवत नाही. मी शेजारी बसले, पाय पाण्यात घातले, आणि पाचाडच्या पोरीचं बोलणं सांगितलं. वाटलं, आक्का चिडेल, आजकालच्या पोरींना काय कळतं म्हणेल.

आक्का इतकी हसली की बाजूच्या बायका बघायला लागल्या.

"मंग?" डोळे पुसत म्हणाली. "खोटं काय बोलली ती? माझी बी पाठ दुखायचीच की. पन तवा मला पाठीचं सुचलंच नाय बघ, पायाचंच एवढं होतं."

"मग आता?"

"आता काय, शेठच्या पोराकडं जा. तिला संगं ने. बोलायचं ते तिलाच बोलू दे, तू नुसती ऱ्हा बाजूला."

पाण्यातून वाफ येत होती. आक्काने माझ्या पायांकडे बघितलं, वाकून एका पोटरीवर बोट फिरवलं. "तुलाबी उठली गो एक," असं म्हणाली आणि दोन्ही हातांनी माझा पाय चोळायला लागली. मी नको नको म्हणत राहिले. तिने ऐकलं नाही.